सुऱ्या बनवणाऱ्यांचं सामान जिथे मिळतं, तिथून गिटारसाठी काय घेता येईल?

तुम्ही पहिलीच गिटार बनवायला घेतली आहे, वाद्यांचं सुटं सामान विकणारा सापडत नाही, आणि कोणीतरी सुरीच्या मुठींचं सामान विकणाऱ्यांकडे बघायला सुचवलंय. त्यात तथ्य आहे का, हा तुमचा प्रश्न. आहे, चांगलंच आहे. फक्त तारांचा आवाज अंगावर घेणारे भाग तिकडे शोधू नका. वरची फळी आणि बाजूंच्या पट्ट्या त्यांच्याकडे नसतातच. ब्रिजसाठी, म्हणजे वरच्या फळीवर तारा जिथे अडकवतात त्या लाकडी पट्टीसाठी, मिळाल्यासारखं वाटेल, पण घेऊ नका.

ब्रिजचं आधी सांगून टाकतो. मुठीच्या दोन्ही बाजूंना लावायच्या पट्ट्या साधारण १२५ मिमी लांब, ३८ मिमी रुंद आणि ९-१० मिमी जाड असतात. रुंदी-जाडी बघून मोह होतोच. पण पोलादी तारांच्या गिटारचा ब्रिज सहसा १५० मिमी किंवा त्याहून लांब असतो आणि त्यावर तारांचा एकूण ताण ७० किलोच्या आसपास येतो. मुठीचं लाकूड निवडतात ते नक्षी बघून: गाठीचं, रेषा वाटेल तशा वळलेलं. असं लाकूड पिनांच्या भोकांच्या ओळीत चिरायला वेळ लागत नाही.

खरी चंगळ हाडाची आहे. नट (मानेच्या टोकाला तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी) आणि सॅडल (ब्रिजवर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) यांच्यासाठी ते हवंच, आणि सुरीवाल्यांकडे ते मोठ्या पट्टीत मिळतं. मागवताना गुळगुळीत, पांढरं, न रंगवलेलं हवं असं स्पष्ट सांगा, कारण त्यांचं बरंचसं हाड पकड यावी म्हणून खाचा पाडून रंगवलेलं असतं. जाडी विचाराच. फेंडर कंपनीच्या धाटणीच्या नटला साडेतीन मिमी पुरते, गिब्सन कंपनीच्या धाटणीच्या नटला सहाच्या आसपास लागते. वरच्या मापाची पट्टी मिळाली तर लांबीत ७५ मिमीचं सॅडल आणि ४३ मिमीचा नट बसतो, करवतीपुरती जागाही उरते. रुंदीतून अशा तीन ओळी निघतात.

कापलेला तुकडा उजेडासमोर धरून बघा. मेणचट, पिवळट डाग दिसले तर आत चरबी राहिलीय. ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवलं की बरीचशी निघते, पण डाग मोठा असेल तर तेवढा भाग सोडून द्या. टेबलावर टाकल्यावर तुकडा टणकन वाजला पाहिजे, बद्द वाजला तर हाड आतून पोकळट आहे. मग काचेवर पॉलिश पेपर चिकटवून सॅडलचा तळ अगदी सपाट घासा. खाली पिकअप (तारांचा आवाज विजेच्या संकेतात बदलणारा भाग) बसवणार असाल तर यात कुचराई नको, नाहीतर एखादी तार दबकी ऐकू येते. घासताना वास येतो तो थेट दंतवैद्याच्या खुर्चीतला. मास्क लावाच.

हाड नको असेल तर मायकार्टा घ्या. कागद किंवा कापडाचे थर फिनॉलिक रेझिनमध्ये दाबून हा माल तयार होतो. वेस्टिंगहाऊसने तो १९१० च्या सुमारास आणला तो विजेच्या कामासाठी, पुढे गिटार बनवणाऱ्या मार्टिन कंपनीने त्याची सॅडल्स वापरली. आपल्याला कागदाचा प्रकार हवा, कापडाचा नको. जी-१० हा त्याचा काचतंतूंचा भाऊ. टिकतो छान, पण कानशींची धार खातो आणि त्याची धूळ फुप्फुसाला वाईट. मी त्याच्या वाटेला जात नाही.

पितळेची किंवा जर्मन सिल्व्हरची २ मिमी सळई मुठीच्या खिळ्यांसाठी विकतात, ती मानेच्या कडेवरच्या ठिपक्यांना अगदी बरोबर बसते. ६ मिमीची मोझॅक पिन (टोकाला नक्षी दिसणारी, बारीक नळ्या-सळयांची मुठीची पिन) बाराव्या फ्रेटला लावली तर फारच देखणी दिसते. मात्र फिंगरबोर्ड मेपलचा असेल तर जपून: घासताना धातूची काळी भुकटी लाकडात शिरते आणि निघत नाही. एबनीवर ही भानगड नाही.

मुठीखाली घालायचं ०.८ मिमीचं व्हल्कनाइज्ड फायबर (कागदापासून केलेला कडक पातळ पत्रा) हेडस्टॉकच्या, म्हणजे मानेच्या खुंट्यांकडच्या टोकाच्या, पट्टीखाली काळी-पांढरी रेघ काढायला उत्तम. ते पाणी शोषतं, म्हणून सुपरग्लू किंवा इपॉक्सीनेच चिकटवा.

स्टॅबिलाइज्ड, म्हणजे रेझिन मुरवलेलं, लाकूड दिसायला भुरळ पाडणारं असतं. ट्रस रॉडचं (मानेतल्या आधाराच्या सळईचं) झाकण, मानेच्या टाचेची टोपी, नॉब यांना वापरा. त्याची छिद्रं रेझिनने भरलेली असल्याने नेहमीचा पांढरा गोंद त्यावर नीट धरत नाही, इथेही इपॉक्सीच.

परदेशातून मागवणार असाल तर रोझवूडचं बघून घ्या. २०१७ पासून डालबर्जियाच्या, म्हणजे रोझवूडच्या कुळातल्या, सगळ्या जाती साइट्सच्या (CITES, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहेत. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, ती लाकडाच्या कोऱ्या तुकड्याला लागू नाही. ब्राझिलियन रोझवूड तर १९९२ पासून सर्वांत कडक यादीत आहे. विक्रेता कागद देत नसेल तर एबनी घ्या.

आणि हत्यारं. ओ-१ पोलादाची (तेलात विझवून कडक होणाऱ्या हत्यारी पोलादाची) सपाट पट्टी त्यांच्याकडे हमखास असते. तिला पटाशीचा आकार द्या, चुंबक चिकटेनासा होतो त्याच्या थोडं पुढे, म्हणजे ८०० अंश सेल्सियसपर्यंत तापवा, तेलात विझवा आणि नंतर २०० अंशांवर दोन तास ठेवा. बाइंडिंगची (गिटारच्या कडेभोवतीच्या किनारपट्टीची) खाच साफ करायला हव्या त्या रुंदीची पटाशी घरच्या घरी होते.