ढोलाला दचकतो, मग बहिरा कसा?

"मुलगे उशिराच बोलतात, याचे बाबाही तीन वर्षांपर्यंत गप्पच होते." कोथरूडमधल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य इतक्या घरांकडून ऐकलंय, की एका घराची गोष्ट सांगतेच. ओळख पटणारे तपशील बदललेत.

दीड वर्षाचा मुलगा, आई आणि आजी. डॉक्टरांनी लिहून दिलेली बेरा तपासणीची, म्हणजे कानातला आवाज मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणाऱ्या चाचणीची, चिठ्ठी पर्समध्येच पडून. आजी ठाम होत्या, "मिरवणुकीत ढोल वाजला की दचकतो. बहिरं पोर दचकेल का?"

दचकू शकतं, आजी. ढोलाचा दणका छातीत आणि पायाखाली जाणवतो. शिवाय कित्येक मुलांना जाडे आवाज ऐकू येतात, पण 'स', 'श'सारखे बारीक आवाज निसटतात. मग शब्द अर्धेमुर्धेच कानी पडतात.

आई काहीच बोलत नव्हती. पण मुलाला बोलवायचं झालं की ती उठून त्याच्या समोर जायची, खांद्याला हात लावायची, मगच नाव घ्यायची. दर वेळी.

"घरीही असंच करता?"

"मागून हाक मारली तर बघत नाही, मॅडम. म्हणून मागून मारतच नाही." तिचा बांध फुटला. "तपासणीत काही निघालं तर सगळे म्हणतील, पोटात असताना हिनेच काहीतरी केलं."

घरातल्या एकाचं वागणं मी कधी सुटं पाहत नाही. त्यामागे अख्खं घर असतं. तपासणी यंत्राच्या भीतीने अडली नव्हती, दोष कुणाच्या पदरात पडेल या भीतीने अडली होती. हे वेळेत दिसलं, याचं मला समाधान आहे. मी सांगितलं, की कमी ऐकू येणारी बहुतेक मुलं नीट ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्याच पोटी जन्मतात. आजी बराच वेळ सुनेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला कोण बोलतंय बघते. उद्या मीच येते तुझ्यासोबत."

दोन्ही कानांत दोष निघाला. श्रवणयंत्रं बसली, स्पीच थेरपी सुरू झाली.

जन्मानंतर 1 महिन्यात प्राथमिक चाचणी, 3 महिन्यांत निदान, 6 महिन्यांत उपचार सुरू, हा जगभरचा शिरस्ता आहे, कारण मेंदू भाषा शिकतो ती पहिली वर्षं परत मिळत नाहीत. उशीर झाला असेल तर तपासणीसाठी आजच फोन करा. जन्मावेळची चाचणी ठीक आली असली तरी ऐकणं नंतरही कमी होऊ शकतं; बोलणं रेंगाळलं तर पुन्हा तपासा. बेरात सुई नसते, कपाळाला आणि कानांमागे फक्त तारा चिकटवतात. बाळ झोपलेलं लागतं, म्हणून त्या दिवशी त्याला लवकर उठवा, वाटेत झोपू देऊ नका आणि तिथे पोचल्यावर पोटभर पाजा.