बरं वाटतंय, हा रिपोर्ट नाही

चि. भाऊस,
नानाचा आशीर्वाद.

तुझा मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. पोटाच्या बायपास ऑपरेशननंतर वजन उतरलं, शुगरची गोळी सुटली, जुन्या पॅंटी भावाला देऊन टाकल्या, सगळं भरभरून लिहिलंस. आणि शेवटी जाता जाता एक ओळ: केळीच्या बागेतून घरी आलो तेव्हा कळलं की एका पायात चप्पलच नाही. त्या ओळीपुढे तू हसणारा चेहरा टाकलास. मला काही हसू आलं नाही.

तुझा प्रश्न वेगळाच आहे. घरचे म्हणतात, बारीक झालास, आता व्हिटॅमिन-कॅल्शियमच्या गोळ्या कशाला. चुलते म्हणतात, किडनी जाईल. मेडिकलवाल्यानं रक्तवाढीचं टॉनिक दिलं, हिमोग्लोबिन चांगलं आलं, मग बाकीच्या गोळ्या सोडल्या तर चालेल का? पुढच्याच वाक्यात लिहितोस, ‘सोडल्यापासून पोट हलकं वाटतं.’ म्हणजे सोडून मोकळा झालायस आणि आता माझ्याकडून होकार हवाय. तो मिळणार नाही.

बरं वाटतंय, हा रिपोर्ट नाही. ऑपरेशनच्या आधीही मी तुला हेच सांगितलं होतं आणि तू मान हलवली होतीस.

माझ्यासारखंच तुझंही पोटाचं बायपास झालंय. जठराचा वरचा इवलासा भाग, जेमतेम ३० मिलिलिटरचा, तेवढाच आता जेवणाच्या वाटेवर आहे. बाकीचं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग बाजूला पडलाय. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः त्याच भागात शोषलं जायचं. व्हिटॅमिन बी१२ ला तर अन्नातून सुटायला जठरातलं आम्ल लागतं, आणि पुढे शोषलं जायला जठरातूनच येणारं एक प्रथिन लागतं. दोन्ही आता पुरेसे मिळत नाहीत. त्यात तुझं घर माळकरी, अंडं-मांस नाही. ऑपरेशनच्या आधी काही वर्षं शुगरचं मेटफॉर्मिन चालू होतं, तेही बी१२ खालीच आणतं. बी१२ चा साठा यकृतात असतो, धडधाकट माणसाला तो काही वर्षं पुरतो. तुझा साठा आधीच पातळ होता. आजाराची गोळी आजार गेला की सुटते. ही गोळी बदललेल्या पोटाची आहे आणि हे पोट आता कायमचं असंच राहणार.

त्या टॉनिकचं नीट ऐक. त्यात लोहाबरोबर फॉलिक ॲसिड असतं. बी१२ कमी असलं तरी फॉलिक ॲसिड रक्ताचा आकडा सुधारून दाखवतं आणि तिकडे संवेदना पोचवणाऱ्या नसा खराब होतच राहतात. म्हणून हिमोग्लोबिन चांगलं येऊनही पाय बधिर होऊ शकतात. पायाखाली चप्पल आहे की नाही हे न कळणं ही नसांची तक्रार आहे. कमी पडलेलं बी१२ असेल, थायमिन म्हणजे बी१ असेल, तांब्याची कमतरताही असू शकते. ते डॉक्टर ठरवतील. पण याच आठवड्यात ठरायला हवं, केळीची कापणी उरकल्यावर नाही. नसांचं नुकसान लवकर धरलं तर भरून येतं, उशीर झाला तर काही कायमचं राहून जातं. यावर मी तुझ्याशी वाद घालणार नाही.

केळीला तू ठिबकमधून खत सोडतोस. झाड हिरवंगार दिसतंय म्हणून कधी खत बंद केलंस का?

चुलत्यांच्या किडनीचंही सांगतो. आपल्याकडे मुतखड्याची भीती घरोघरी, म्हणून पहिलं कॅल्शियम बंद करतात. बायपासनंतर हे उलटं पडतं. कॅल्शियम अन्नातल्या ऑक्सॅलेट नावाच्या क्षाराला आतड्यातच बांधून ठेवतं. ते कमी पडलं की ऑक्सॅलेट लघवीवाटे जातं आणि खडा धरतो. आपल्याला सायट्रेटचं कॅल्शियम बरं, दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, पण एका वेळी ५००-६०० च्या वर नाही, म्हणून ते विभागून घ्यायचं. खडा धरायला दुसरं मोठं कारण पाणी कमी पडणं. मे महिन्यात भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो आणि तू एका दमात तांब्याभर पाणी पिऊ शकत नाहीस. म्हणून बाटली बांधावर ठेवायची नाही, कमरेला लावायची. घोट घोट, दिवसभर. जेवताना मात्र पाणी नाही आणि जेवणानंतर अर्धा तास नाही.

माझी पद्धत घे, आवडली तर. आईचा जुना मसाल्याचा डबा आहे, सात वाट्यांचा. रविवारी रात्री बसून सात दिवसांच्या मल्टिव्हिटॅमिनच्या आणि लोहाच्या गोळ्या सात वाट्यांत टाकतो. वाटी रिकामी झाली म्हणजे गोळी पोटात गेली. आठवणीवर भरवसा ठेवायचा नाही. कॅल्शियम त्या डब्यात घालत नाही, ते शर्टाच्या खिशात. लोह आणि कॅल्शियममध्ये किमान दोन तास हवेत, एकत्र घेतलं तर एकमेकांना अडवतात. लोहाच्या गोळीवर चहा पिऊ नकोस. आपल्याकडे सकाळी उठल्यापासून चहाच चहा, म्हणून माझी लोहाची गोळी रात्री झोपताना असते. बी१२ ची सुई साधारण महिन्यातून एकदा, १००० मायक्रोग्रॅमची. मी शुद्ध एकादशी धरलीय, चुकत नाही. तुला सुरुवातीला जास्त वेळा लागेल, ते डॉक्टर सांगतील. आणि एकादशीला गोळी घेतल्यानं उपास मोडत नाही. वहिनींना माझं नाव सांग. उपासाला साबुदाण्याऐवजी पनीर, दही, दूध घे.

ताटाचं बोलू. पोटात जागा मूठभर आणि त्यात पहिली भाकरी गेली की संपलं. आधी प्रथिनं. दिवसाला निदान ६० ग्रॅम पोटात जायला हवीत. शाकाहारी माणसाला ते सोपं नाही, हे मला ठाऊक आहे. १०० ग्रॅम पनीरमधून १८ च्या आसपास, सोयाच्या कोरड्या ३० ग्रॅम वड्यांतून १५, घट्ट वरणाच्या वाटीतून सातेक, पेलाभर दुधातून तेवढीच. उरलेली कमी डॉक्टरांनी दिलेल्या पावडरनं भरायची. मग भरीत, कमी तेलाचं, बिनधास्त खा. शेवटी चतकोर भाकरी, कळण्याची असली तर बरी, उडीद तरी असतो. बट्टी कोरडी, ती अडकते. शेवभाजीची तर्री वरून काढून टाक. घास पातळ होईपर्यंत चाव, अर्धा तास लागू दे. आणि गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून वेदनाशामक गोळी उचलायची नाही, बायपासच्या जोडावर अल्सर होतो.

आता घरच्यांचं. इथे तू खरा अडकलायस, गोळीत नाही. ‘इतलंसंच?’ म्हणत आई ताटाशी येऊन बसते, तिला नाही कसं म्हणायचं? माझ्या ऑपरेशननंतर कानबाई देवीचा सण आला. नागपंचमीनंतरचा रविवार, थोरल्या दादांच्या घरी रोट, देवीचा गोड नैवेद्य. रोट भाऊबंदांनीच संपवायचे, पंगतीत सगळे बसलेले. मी चिमूटभर प्रसाद तोंडात टाकला आणि हात जोडले. बायपासच्या पोटात एकदम एवढं गोड गेलं की अर्ध्या तासात घाम फुटतो, छाती धडधडते, जुलाब होतात. हे दादांना सांगितलं होतं. ते काही बोलले नाहीत, पण नंतर किती तरी महिने फोन केला नाही. पुढे ते गेले. त्या रविवारची खंत मला आहे, दादांसमोर बसून त्यांच्या ताटातलं न खाल्ल्याची खंत. घरात अजून म्हणतात, नानानं त्या दिवशी देवीचा आणि दादांचा मान ठेवला नाही. मी मान ठेवला. चिमूटभर प्रसाद हाही प्रसादच असतो. तोच रविवार परत आला तरी मी चिमूटभरच घेईन. माझ्याबरोबर ऑपरेशन झालेला एक जण सगळ्यांचं मन राखत गेला, गोळ्यांना हसत गेला. आज भिंतीला धरून चालतो. त्याच्या घरचे आता मला विचारतात, काय करायचं. हट्टी म्हणतात तर म्हणोत.

आईवर चिडू नकोस मात्र. तिनं आयुष्यभर तुला खाऊ घालूनच माया केली. तिच्या हातात ते सात वाट्यांचं काम दे. रविवारी गोळ्या तिनं भरायच्या, सोयाच्या वड्या तिनं भिजवायच्या. वाढायला काहीतरी लागतं तिला.

तपासण्यांचं सांगून थांबतो. फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, बी१२, व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, पॅराथायरॉइड हार्मोन, अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं प्रथिन, पहिल्या वर्षी दर तीन-सहा महिन्यांनी, मग दरवर्षी, आयुष्यभर. तू उन्हात राबतोस म्हणून डी आपोआप पुरेल असं समजू नकोस. बरं वाटतंय हा रिपोर्ट नाही, रिपोर्ट हाच रिपोर्ट.

उद्या लॅबला जाशील तेव्हा रक्त आधी दे आणि सुई नंतर घे, नाहीतर बी१२ चा आकडा उगाच वर येतो. डॉक्टरांना चप्पलेचं स्वतः सांग, ते विचारतील म्हणून थांबू नकोस. दोन महिने गोळ्या बंद होत्या हेही सांग, लपवू नकोस. रिपोर्टचा फोटो मला पाठव. शनिवारी संध्याकाळी फोन करतो, उचल.

तुझा,
नाना