उद्योग-शंका: सबसिडी नेमकी कुठे अडते?

प्रश्न : वाई तालुक्यातल्या गावात चार महिन्यांपूर्वी साठवलेल्या पैशांतून लाकडी तेलघाणा घेतला. उद्यम नोंदणी केली, तेल विकायलाही लागले. आता पीएमईजीपीतून सबसिडी मिळेल का? घाण्याची पावती आहे.

उत्तर : पीएमईजीपीतून मिळणार नाही, आणि तुमचा अर्ज अडेल तो त्या पावतीवरच. पीएमईजीपी म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, आणि त्यातलं पहिलं कर्ज फक्त नव्या उद्योगाला असतं. उद्यम, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीच्या, प्रमाणपत्रावर उद्योग सुरू झाल्याची तारीख छापलेली असते, आणि बँक आधी तीच पाहते. यंत्र आधी घ्यायचं आणि सबसिडीचं नंतर बघायचं, असं करणारे पुष्कळ जण याच ठिकाणी अपात्र ठरतात. क्रम असा हवा : कोटेशन, अर्ज, बँकेची मंजुरी, मग खरेदी.

तुमचा धंदा खाण्याच्या पदार्थांचा आहे, म्हणून दुसरी वाट मोकळी आहे. २०२० साली सुरू झालेली सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना, म्हणजे पीएमएफएमई, चालू उद्योगाच्या वाढीलाही लागू होते. पात्र खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये. घेतलेल्या घाण्याचे पैसे मात्र परत मिळत नाहीत. पुढे जे घ्याल त्यावरच हिशेब. समजा फिल्टर, बाटल्या भरायचं यंत्र आणि दुसरा घाणा मिळून ८ लाखांचा खर्च आहे. किमान १० टक्के, म्हणजे ८० हजार तुमचे, ७ लाख २० हजार बँकेचं कर्ज आणि सबसिडी २ लाख ८० हजार. जमिनीची किंमत यात धरत नाहीत. शेंगदाणे, करडई भरायला लागणारं खेळतं भांडवलही सबसिडीच्या हिशेबात येत नाही, ते बँकेकडून वेगळं मागा. बांधकाम धरायचं तर पात्र खर्चाच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवा. प्रकल्प अहवालात आधी शेड आणि मग यंत्रं असा पसारा दिसला की कात्री लागते.

अर्ज भरून देण्यासाठी जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. पत्ता तालुका कृषी कार्यालयात मिळेल. त्यांचं मानधन सरकार देतं, तुम्ही काही द्यायचं नाही.

प्रश्न : मी खुल्या प्रवर्गातला. वाघोलीत लोखंडी फर्निचरचा कारखाना टाकायचा आहे, खर्च १२ लाख. पत्नीच्या नावाने, ग्रामीण म्हणून अर्ज केला तर ३५ टक्के मिळतात असं एजंट सांगतो. खरं का?

उत्तर : टक्केवारी खरी आहे, पत्ता चुकला. पीएमईजीपीत खुल्या प्रवर्गाला शहरात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के सबसिडी असते. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना अनुक्रमे २५ आणि ३५. स्वतःचा वाटाही बदलतो : खुल्या प्रवर्गाला १० टक्के, यांना ५. आता ग्रामीण कशाला म्हणायचं? पंचायतीच्या हद्दीत असेल ते ग्रामीण, पालिकेच्या हद्दीत ते शहरी. वाघोली २०२१ मध्ये इतर २२ गावांबरोबर पुणे महापालिकेत गेली. भोवती अजून शेतं दिसतात, पण त्याचा उपयोग नाही. पत्नीच्या नावाने केलात तर २५ टक्के, म्हणजे ३ लाख. तुमच्या नावाने १५ टक्के, १ लाख ८० हजार.

फरक मोठा आहे, म्हणून मोह होणारच. पण कुटुंबात, म्हणजे पती-पत्नी मिळून, एकालाच लाभ मिळतो. आणि पत्नीच्या नावाने अर्ज केलात तर उद्योग खरोखर त्यांचा असावा लागतो. ५ लाखांवरच्या प्रकल्पाला १० दिवसांचं उद्योजकता प्रशिक्षण असतं, ते त्यांनाच करायचं आहे. बँकेत यंत्राचा भाव आणि गिऱ्हाईक कोण हे त्यांनाच विचारतील. नंतर जागेवर पडताळणी होते, तेव्हा मालकीणबाईंना वेल्डिंग मशीन कुठलं ते दाखवता आलं पाहिजे. शिवाय उत्पादनाचा प्रकल्प १० लाखांवर असला की अर्जदार किमान आठवी पास हवा. दाखला आधी शोधून ठेवा.

प्रश्न : पीएमईजीपीतून १८ लाखांचं कर्ज मंजूर झालं, ५ लाख सबसिडी आली असं पत्र आहे. पासबुकात एक रुपया दिसत नाही. बँक दाबून बसली का?

उत्तर : नाही, ती तशीच ठेवायची असते. सबसिडी तुमच्या नावाने मुदत ठेवीत तीन वर्षं अडकवून ठेवतात. ठेवीवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर बँक व्याज लावत नाही. म्हणजे व्याज १३ लाखांवर लागायला हवं. खातेउतारा काढून हे ताडून पाहा. पूर्ण १८ लाखांवर व्याज आकारलेलं दिसलं तर शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तीन वर्षांनी उद्योग चालू असेल तर ती रक्कम कर्जात वळती होते.

एक कलम फार कमी जण वाचतात. तुमच्या १८ लाखांत कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी लागेल तशी उचलायची मर्यादा, असेल, समजा ४ लाख, तर त्या तीन वर्षांत एकदा तरी ती मर्यादा पूर्ण वापरली पाहिजे आणि एकूण वापर ७५ टक्क्यांखाली जाता कामा नये. व्याज वाचवायचं म्हणून कॅश क्रेडिटला हात न लावणारा काटकसरी माणूस इथे फसतो. न वापरलेल्या प्रमाणात सबसिडी परत जाते. म्हणून अहवालातच खेळतं भांडवल गरजेपुरतं मागावं. सीए आकडा फुगवून देतात, तो तुमच्याच अंगाशी येतो.

प्रश्न : किराणा दुकान आहे, उद्यम प्रमाणपत्रही आहे. कुठली सबसिडी मिळेल?

उत्तर : जुलै २०२१ पासून व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या, म्हणजे बँकांनी आधी द्यावं असं रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या, कर्जापुरती. किराण्याच्या नुसत्या खरेदी-विक्रीला पीएमईजीपी लागू नाही. मुद्रा कर्ज मिळू शकतं : शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाख, तरुण १० लाख. त्यात सबसिडी नसते, पूर्ण फेडायचं असतं. तुम्ही दुकानामागे मसाला कांडप किंवा पिठाची गिरणी घालणार असाल, तर तो प्रक्रिया उद्योग होतो. मग पहिल्या प्रश्नाचं उत्तर वाचा आणि यंत्राला अॅडव्हान्स देऊ नका.

प्रश्न : एजंट ‘फाइल पास करून देतो’ म्हणून सबसिडीच्या ५ टक्के मागतो. द्यावे का?

उत्तर : नको. पीएमईजीपीचा अर्ज खादी आयोगाच्या पोर्टलवर फुकट भरता येतो. अडलं तर जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. कर्ज द्यायचं की नाही हे बँक ठरवते, एजंट नव्हे. त्याने दिलेला अहवाल बहुधा दुसऱ्या कोणाचा असतो : बेकरीच्या फाइलमध्ये ‘कच्चा माल : कापड’ असं छापून आलेलं बँकेच्या नजरेतून सुटत नाही. कोटेशनवर विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, यंत्राचं मॉडेल आणि तारीख आहे ना, एवढं स्वतः पाहा. आणि कागद गोळा करायला बसण्याआधी पोर्टलवर नवे अर्ज घेणं चालू आहे का, ते बघून घ्या. पीएमईजीपीला केंद्राची मंजुरी २०२५-२६ पर्यंतच्या काळासाठी दिली होती.