हायस्कूलच्या सॉफ्टबॉलसाठी मुलीला मेटल क्लीट्स घेऊन द्यावेत का?

प्रश्न: आम्ही अमेरिकेत राहतो. मुलगी यंदा नववीत गेली आणि शाळेच्या सॉफ्टबॉल संघात तिची निवड झाली. कोच म्हणाल्या, हवे तर मेटल क्लीट्स (तळव्याला धातूचे खिळे असलेले बूट) घ्या. दुकानात तळव्याचे ते खिळे बघून माझ्या पोटात गोळाच आला. मुलींच्या खेळात हे चालवून कसं घेतात? घेऊन देऊ का नको?

उत्तर:

ताई, आधी माझा या विषयाशी संबंध सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्याला किती किंमत द्यायची ते तुम्हाला ठरवता येईल. मी मूळचा जळगावचा, आता ओहायोत. लेक खेळायला लागली तेव्हा कुंपणाबाहेर घडीची खुर्ची टाकून अंपायरच्या नावाने बोटं मोडायचो. एक दिवस बायको म्हणाली, "एवढं कळतं तर तूच उभा राहा की." राज्याची परीक्षा दिली, निळा शर्ट घेतला, आणि गेली नऊ वर्षं दर वसंतात मुलींच्या हायस्कूल सामन्यांना अंपायर म्हणून उभा राहतो. आता माझ्या नावाने दुसरे बोटं मोडतात.

नियमाचं आधी उरकतो. देशभरातल्या बहुतेक शाळा ज्या एनएफएचएसच्या (हायस्कूल खेळांचे नियम लिहिणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या) नियमावलीने खेळतात, तिच्यात मेटल चालतात. खिळा पाऊण इंचाहून लांब नसावा एवढीच अट. लहान वयोगटांत बहुतेक लीगमध्ये मनाई असते, म्हणून तुमच्या लेकीसमोर हा प्रश्न आत्ता आला. राज्याने, जिल्ह्याने किंवा मैदानाच्या मालकाने वेगळं ठरवलेलं असू शकतं, तेवढं कोचना विचारून घ्या.

"मुलींच्या खेळात" हा तुमचा शब्द मात्र जरा खटकला. मुलांच्या हायस्कूल बेसबॉलमध्ये हे बूट कधीपासून चालत होते आणि मुलींना मात्र मनाई होती, असा काळ होऊन गेलाय. मुलाच्या नडगीला खिळा लागला तर रक्त कमी येतं असं काही नाही. भीती रास्त आहे, पण ती दोघांसाठी सारखी ठेवा.

आपल्या लोकांना खिळ्यांचे बूट नवीन नाहीत. गावाकडे मैदानावर एखाद्या फास्ट बोलरकडे खरे स्पाइक्स असले की आम्ही त्याचे बूट हातात घेऊन बघायचो. पण क्रिकेटमध्ये कुणी पाय पुढे करून दुसऱ्याच्या अंगावर घसरत जात नाही. सॉफ्टबॉलमध्ये जातात, बेस म्हणजे पळून गाठायचा मैदानावरचा टप्पा चेंडूच्या आधी गाठायला. बेसपासून बेस साठ फूट, ते अंतर पळायला तीन-सव्वातीन सेकंद, आणि तेवढ्यात चेंडू, धावणारी मुलगी आणि बेसवर उभी असलेली मुलगी हे तिघेही एकाच हातभर जागेत येऊन पोहोचतात. तुमच्या पोटात गोळा आला तो या जागेमुळे, हे मला कळतं.

दोन प्रसंग सांगतो. दोन्ही माझ्या डोळ्यांसमोरचे.

पहिला दुसऱ्या बेसवरचा. धावणारी मेटल घालून घसरत आली, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली क्षेत्ररक्षक) बेस सोडून अर्धं पाऊल पुढे उभी होती. खिळा तिच्या नडगीवरून ओढला गेला. मोजा फाटला, रक्त आलं, कुंपणाबाहेर आरडाओरडा झाला. शाळेच्या ट्रेनर बाईंनी जखम धुऊन पट्टी बांधली, नंतर टाके पडले. पुढच्या आठवड्यात त्याच मैदानावर ती मुलगी पुन्हा शॉर्टस्टॉपला उभी होती, आणि व्रण मैत्रिणींना कौतुकाने दाखवत होती.

दुसऱ्या प्रसंगात रक्ताचा थेंब नव्हता. तिसऱ्या बेसकडे पळणारी एक दहावीतली मुलगी, घसरू की उभ्यानेच जाऊ अशा विचारात शेवटच्या क्षणापर्यंत राहिली. मग अगदी बेसजवळ येऊन खाली बसली. टाच मातीत रुतली, अंग पुढे गेलं, पाय मागे राहिला. घोट्याचा आवाज मला ऐकू आला. तिचा तो हंगाम तिथेच संपला आणि पुढचा अर्धाही. तिच्या पायात प्लास्टिकचे क्लीट्स होते.

मेटलची जखम दिसते, म्हणून ती लक्षात राहते. पण या खेळात हंगाम खाणाऱ्या दुखापती बहुतेक आतल्या असतात: घोटा, गुडघा, बोटं. अंग पुढे जात असतं आणि पाय कुठेतरी अडकतो, त्यातून त्या होतात. पायाला अडकायला खिळाच लागतो असं नाही. मिशिगनमध्ये काही डॉक्टरांनी मोठ्यांच्या हौशी सॉफ्टबॉलवर केलेला एक अभ्यास 1988 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. काही मैदानांवर जमिनीत घट्ट रोवलेले नेहमीचे बेस, काहींवर धक्का लागला की सुटून येणारे. दोन्हीकडे सव्वासहाशेच्या आसपास सामने झाले. रोवलेल्या बेसवर घसरताना 45 जण दुखावले, सुटणाऱ्या बेसवर 2. बूट बदलले नव्हते, नुसता बेस बदलला होता. तुमच्या शाळेत कोणते बेस आहेत हे एकदा जाऊन बघा, मेटलच्या चर्चेपेक्षा ते जास्त उपयोगी पडेल.

बुटाचा संबंध अजिबात नाही असंही नाही. फिलाडेल्फियातल्या शाळांमधल्या अमेरिकन फुटबॉलवर 1971 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाऊण इंच लांबीचे मोजके सात क्लीट्स असलेल्या बुटांऐवजी आखूड आणि संख्येने जास्त क्लीट्स असलेले सॉकरसारखे बूट दिल्यावर गुडघ्याच्या दुखापती कमी झाल्या. म्हणजे पकड जितकी खोल, तितका पाय जमिनीत गुंतलेला. वरचं शरीर वळलं की तो पीळ गुडघ्याने सोसायचा. त्यात मुलींच्या गुडघ्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट अशा वळणावळणाच्या खेळांत मुलांपेक्षा कितीतरी जास्त वेळा तुटतं, हे ऑर्थोपेडिकवाले कधीपासून सांगत आहेत. तेव्हा मेटलबद्दल काळजी करायचीच असेल तर दुसऱ्याच्या नडगीबरोबर स्वतःच्या लेकीच्या गुडघ्याचीही करा.

मग मुली मेटल घेतात कशाला? मिरवायला, हे निम्मं उत्तर. हायस्कूलमध्ये आल्याची ती खूणच असते. उरलेलं निम्मं उत्तर मातीत आहे. इथली इनफिल्डची, म्हणजे बेसांच्या आसपासच्या भागाची माती, वाळू आणि चिकणमाती मिसळून रोलरने दाबलेली, उन्हात आपल्या अंगणासारखी टणक होते. प्लास्टिकचे जाड दात तिच्यात रुतत नाहीत, वरच्यावर सरकतात. पाऊस झाला की उलटं: दातांच्या मधे चिखल भरतो आणि तळवा सपाट होऊन बसतो. मेटलची पाती पातळ असतात, कोरड्या मातीत शिरतात, चिखल लवकर सोडतात. पळता पळता पाय घसरून पडणं हीही दुखापतच, ती मेटलने टळते. त्यामुळे "मेटल धोकादायक, प्लास्टिक सुरक्षित" असं सरळ वाक्य मला लिहिता येत नाही. कृत्रिम गवताचं मैदान असेल तर मात्र प्रश्नच नाही, तिथे बहुतेक ठिकाणी मेटलला बंदी असते.

आता मुद्द्याचं. मुलीला घसरता येतं का? "येतं" असं ती म्हणेलच. तुम्ही सरावाला जाऊन बघा. ती बेसच्या आठ-दहा फूट आधी खाली जाते का? एक पाय दुमडून, बुडाच्या एका बाजूवर बसून, इंग्रजी चारच्या आकड्यासारखी? हात वर असतात की मागे टेकवते? पुढच्या पायाची टाच जमिनीपासून किंचित वर असते की माती उकरत जाते? शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण टाच टेकवायची सवय असलेल्या मुलीला मेटल देणं म्हणजे तिच्या घोट्यावर पैज लावणं. चांगल्या कोच हे हंगामाच्या आधी गवतावर ओली ताडपत्री टाकून, पायात नुसते मोजे घालून करून घेतात. मुलींना ते फार आवडतं, कपडे धुणाऱ्याला नाही.

दुसऱ्याला खिळे लागू नयेत याची सोय नियमांत आहे. उभ्या असलेल्या खेळाडूच्या गुडघ्याच्या वर पाय उचलून घसरणं नियमबाह्य. लाथ मारल्यासारखा पाय फिरवणंही. मुद्दाम अंगावर गेली तर नुसती बाद नाही, मैदानाबाहेर. आणि हातात चेंडू नसताना बेस अडवून उभं राहायला बचाव करणाऱ्या मुलीलाही परवानगी नाही. माझ्या पहिल्या प्रसंगात चूक खरं म्हणजे त्या शॉर्टस्टॉपची होती. चेंडू यायचा होता आणि ती वाटेत उभी होती. बेसबॉलवाले अजून टाय कॉब या जुन्या खेळाडूने 1909 मध्ये प्रतिस्पर्धी फ्रँक बेकरला तिसऱ्या बेसवर खिळे मारले ते उगाळत असतात. मी नऊ वर्षांत मुद्दाम पाय उचललेली एक मुलगी बघितली. एक.

लेक इनफिल्डला खेळत असेल तर नडगीसाठी मोज्याच्या आत बसणारे पातळ गार्ड मिळतात, घ्या. धनुर्वाताची भीती आपल्या पिढीच्या हाडात बसलेली आहे. इथे अकरा-बारा वर्षांच्या वयात धनुर्वातावरची टीडॅप लस देतात, तिच्या लसीच्या कार्डावर तारीख बघून ठेवा. मातीने भरलेली जखम झाली आणि शेवटच्या डोसला पाच वर्षं होऊन गेली असतील तर डॉक्टर पुन्हा देतात. मध्यंतरी टाचेच्या मागे दुखत होतं असं ती म्हणाली असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. वाढत्या वयात टाचेच्या हाडाची वाढीची जागा सुजते आणि कडक तळव्याचे क्लीट्स ते दुखणं वाढवतात.

आणि एक सांगू? पैसे मोजकेच असतील तर आधी चेहऱ्याचा मास्क घ्या. बॅट करताना हेल्मेटला जाळी सक्तीची आहे, पण क्षेत्ररक्षण करताना मास्क ऐच्छिक आहे. पिचर 43 फुटांवरून चेंडू टाकते, टाकता टाकता आणखी पुढे येते, आणि तोच चेंडू बॅटवरून तिच्या तोंडाकडे परत येतो. खिळ्यांनी माझी झोप कधी उडवलेली नाही. तो परत येणारा चेंडू उडवतो.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: पहिला हंगाम प्लास्टिकवर काढू द्या. मैदानं कशी आहेत, ती घसरते कशी, खेळते कुठल्या जागेवर, हे सगळं तेवढ्यात कळेल. पाऊलही या वयात वाढतं, महागाचे बूट वर्षभरात घट्ट होतील. दुसऱ्या वर्षी तिने स्वतः मागितले, कोचनी होकार दिला, घसरणं नीट असलं, तर बिनधास्त घेऊन द्या. आमच्या लेकीने दहावीत घेतले. जुने प्लास्टिकचेही टाकले नाहीत. दोन्ही जोड बॅगेत असतात, मैदान बघून ठरवते.

घेतलेत तर एक काम तुमच्याकडे ठेवा. मुली हे बूट घालून पार्किंगच्या डांबरावरून, डगआउटच्या (खेळाडूंच्या बसायच्या जागेच्या) सिमेंटवरून खुशाल टकटक करत फिरतात. सिमेंटवर एकतर पाय सटकतो, आणि दुसरं म्हणजे खिळ्यांच्या कडा घासून त्यांना बारीक धारदार टोकं येतात. पहिल्या प्रसंगातल्या त्या नडगीवरचा ओरखडा इतका खोल गेला त्याचं कारण तेच असावं असं मला आजही वाटतं. दर शनिवारी बूट उलटे करून खिळ्यांच्या कडांवरून बोट फिरवा. बोटाला टोचलं तर घरातली साधी कानस घेऊन दोन हात मारा. आमच्याकडे हे काम माझं आहे, आणि कानस अजून जळगावहून आणलेलीच आहे.