परावटू: परा की पर?

इंदूरच्या रामबागेतल्या एका काकूंनी विचारलं आहे: "मुतखडा दुसऱ्यांदा झाला म्हणून डॉक्टरांनी कॅल्शियम आणि पीटीएचची जाँच लिहून दिली. लॅबवाला म्हणाला, पॅराथायरॉईडची आहे. थायरॉईड तर मागच्याच महिन्यात नॉर्मल आला, मग पुन्हा कशाला? आणि कोशात 'परावटू' सापडलं, हा कुठला शब्द?"

काकू, दुसऱ्या प्रश्नातून पहिलाही सुटतो.

थायरॉईड म्हणजे आपल्या परिभाषेत अवटू ग्रंथी. अमरकोशात 'अवटुर्घाटा कृकाटिका' असं आहे, म्हणजे अवटू ही मानेची मागची बाजू. गळ्याच्या पुढच्या ग्रंथीला हे नाव देणं मला ओढाताणीचं वाटतं, पण आता ते रुळलं. स्वीडनच्या इवार सँडस्ट्रॉम यांनी १८८० साली माणसातल्या पॅराथायरॉईडचं वर्णन केलं. थायरॉईडच्या मागे चिकटलेल्या, बहुधा चार, गव्हाच्या दाण्याएवढ्या गाठी. ग्रीक 'पॅरा' म्हणजे शेजारी.

संस्कृत 'परा' मात्र शेजारचा नव्हे. पराभव, पराजय आठवा. शेजार दाखवायला आपल्याकडे 'उप' आहे, जसं उपनगर. तेव्हा 'परावटू' नुसत्या ध्वनिसाम्यावर बेतलेला दिसतो. पण संधी वेगळा सोडवून बघा: पर + अवटू. पर म्हणजे दुसरा, निराळा. व्युत्पत्ती काहीही असो, मी तरी हीच फोड मनात धरतो, कारण या ग्रंथींचं काम खरंच निराळं आहे. त्या रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. थायरॉईडच्या तपासणीतला टीएसएच कितीही चांगला आला तरी त्यांच्याबद्दल काही कळत नाही.

पीटीएच हे त्यांचंच संप्रेरक. कॅल्शियम वाढलं की ते खाली यायला हवं. दोन्ही वाढलेले असले, तर बहुधा एखादी परावटू ग्रंथी ऐकेनाशी झालेली असते. हाडांतलं कॅल्शियम रक्तात येतं, लघवीत उतरतं आणि खडे होतात. कॅल्शियम वाढलेलं पण पीटीएच दबलेलं, तर कारण दुसरीकडे शोधतात. कॅल्शियम कमी आणि पीटीएच जास्त असेल, तर ड जीवनसत्त्वाकडे आणि मूत्रपिंडाकडे बघतात. इथे 'नॉर्मल' हा शब्दही फसवा आहे. कॅल्शियम चढलेलं असताना पीटीएच छापील मर्यादेत राहिलं, तरी ते योग्य नव्हे. म्हणून दोन्ही आकडे एकाच वेळच्या रक्ताचे हवेत आणि डॉक्टरांनी ते एकत्र वाचायला हवेत.

लिहिताना परावटू लिहा, बोलताना पॅराथायरॉईड म्हणा. फक्त घरी 'थायरॉईडची जाँच' असं आखडून सांगू नका. "ती तर झाली ना," म्हणून कोणी चिठ्ठी बाजूला ठेवून देईल.