मालकी, ताबा, वहिवाट: तीन शब्दांचं काम एकावर कसं भागेल?

कोल्हापुरातली एक विद्यार्थिनी एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी माध्यमांच्या मार्क्सवादी चिकित्सेवर लिहिते आहे. इंग्रजी पुस्तकांत 'ओनरशिप अँड कंट्रोल' ही जोडी तिला पानोपानी भेटली आणि तिने मराठीत 'मालकी आणि नियंत्रण' असं लिहिलं. मार्गदर्शक सरांनी 'नियंत्रण' खोडलं. ज्याची मालकी त्याचंच नियंत्रण, तर तेच दोनदा कशाला, असं त्यांचं म्हणणं. मराठीत हा भेद खरंच नाही का, असं ती विचारते. 'हेजिमनी'ला, म्हणजे लोकांच्या संमतीने चालणाऱ्या सत्तेला, वर्चस्व म्हणावं की धुरीणत्व, हा तिचा दुसरा प्रश्न.

भेद आहे आणि तो आपल्याकडे घरोघरी आहे. तुमच्या घरचा सातबारा काढून बघा. सात नंबरचा नमुना जमीन कोणाच्या नावावर ते सांगतो, बारा नंबरचा तीत काय पिकतं ते सांगतो. जुन्या हस्तलिखित बारावर 'जमीन करणाराचे नाव' असा वेगळा रकाना असायचा. म्हणजे नाव एकाचं आणि नांगर दुसऱ्याचा असू शकतो, हे आपल्या महसुली मराठीने गृहीतच धरलेलं होतं. १९४८ चा कूळकायदा त्या दोन नावांमधल्या अंतरावरच उभा राहिला. पुढे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि ते अंतर कायद्याने मिटवायला घेतलं गेलं. ज्या भाषेत मालक, कब्जेदार, भोगवटादार, वहिवाटदार आणि कूळ असे पाच शब्द जमिनीशी असलेल्या नात्यांसाठी आहेत, तिथे एका शब्दावर भागवायची वेळ यायला नको.

आता त्यांची मुळं पाहू. 'मालक' म्हणजे माल असलेला, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. 'माल' अरबीतल्या वेगळ्या धातूवरून आला. 'मालक' ज्या धातूवरून आला त्याच धातूवरून 'मुलूख' आला. मालकीत सत्तेचा अर्थ मुळापासूनच आहे, त्यामुळे सरांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. 'कब्जा' म्हणजे मूठ, पकड. 'नियंत्रण' आणि 'यंत्र' हे आवरणे, बांधून ठेवणे या अर्थाच्या एकाच घराण्यातले.

पण या सगळ्यांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो 'ताबा'. अरबीत 'ताबिअ' म्हणजे मागून चालणारा, अनुसरणारा. म्हणून तर 'ताबेदार' म्हणजे ताबा ठेवणारा नव्हे, ताब्यात असणारा, आज्ञेतला माणूस. जमीनदार, दुकानदार, हक्कदार या शब्दांत ती ती गोष्ट त्या माणसाकडे असते. ताबेदाराकडे मात्र अनुसरणं तेवढं असतं. थोडक्यात, ताबा म्हणजे कोणीतरी आपल्यामागून चालतंय ही स्थिती. ती मालकीतून येऊ शकते, कर्जातून येऊ शकते, जाहिरातीतूनही येऊ शकते.

मार्क्सवादी वाद याच जागी आहे. मार्क्स आणि एंगल्स यांनी १८४५-४६ मध्ये लिहिलेल्या 'जर्मन आयडिऑलॉजी'त म्हटलं आहे, की ज्या वर्गाच्या हाती भौतिक उत्पादनाची साधनं असतात, त्याच्याच हाती बौद्धिक उत्पादनाचीही साधनं असतात. सर या वाक्यावर थांबले असावेत. पण मार्क्स स्वतः तिथे थांबला नाही. 'कॅपिटल'च्या तिसऱ्या खंडात भागभांडवली कंपन्यांविषयी तो सांगतो, की धंदा चालवणारा हा आता दुसऱ्याच्या भांडवलाचा नुसता कारभारी झाला आणि मालक नुसता पैसा लावणारा उरला. विसाव्या शतकात काही अभ्यासकांनी यावरून असा निष्कर्ष काढला, की आता मालक निष्प्रभ झाले, राज्य कारभाऱ्यांचं आलं. त्याला ब्रिटिश माध्यम-अभ्यासक ग्रॅहम मर्डॉक यांनी १९८२ मध्ये दिलेलं उत्तर तुमच्या प्रबंधात असेलच. त्यांनी नियंत्रणाच्याच दोन पायऱ्या केल्या. पैसा कुठे घालायचा, काय वाढवायचं, काय बंद करायचं, ही वरची पायरी, 'अ‍ॅलोकेटिव्ह'. मिळालेल्या पैशात आणि आखलेल्या चौकटीत रोजचं काम चालवायचं, ही खालची, 'ऑपरेशनल'. संपादकाला खालच्या पायरीवर मोकळीक असते, म्हणून वरची पायरी नाहीशी होत नाही.

मी वरचीला 'ताबा' म्हणेन आणि खालचीला 'वहिवाट'. वहिवाटीचा रस्ता दुसऱ्याच्या शेतातून जातो, आपण रोज त्यावरून बैलगाडी नेतो, पण शेत विकायचं की ठेवायचं हे आपल्या हातात नसतं. संपादकाची खुर्ची बरीचशी तशीच असते.

कोल्हापूरकरांना तर हे तिन्ही थर आपल्या इतिहासातच सापडतील. १८८२ सालचं कोल्हापूर प्रकरण घ्या. गादी छत्रपती चौथ्या शिवाजी महाराजांची, कारभार माधवराव बर्व्यांकडे आणि त्या सगळ्यावर ताबा इंग्रज सरकारचा. महाराजांच्या छळाबद्दल बर्व्यांवर आरोप करणारा मजकूर 'केसरी' आणि 'मराठा'ने छापला. बदनामीचा खटला झाला आणि टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. पुढचा भाग माध्यमांच्या दृष्टीने जास्त बोलका आहे. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर, त्या पत्रासाठी तुरुंगात गेलेले. तरी सामाजिक सुधारणेवर सहकाऱ्यांशी मतभेद विकोपाला गेले, तेव्हा १८८७ मध्ये त्यांनाच बाहेर पडावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी 'सुधारक' काढला. लेखणी हातात असणं आणि पत्र हातात असणं वेगळं, हे मराठी पत्रकारितेला तेव्हाच कळलेलं होतं.

सहकारी साखर कारखान्याचं उदाहरणही द्या, परीक्षकांना लगेच पटेल. 'सभासदांच्या मालकीचा कारखाना' हे शब्द आपण प्रत्येक निवडणुकीत ऐकतो आणि कागदावर ते खरेच असतात. पण वार्षिक सभेत मांडवाच्या एका टोकाला 'मंजूर, मंजूर'चा गजर होतो आणि मागच्या रांगेतल्या सभासदाचा प्रश्न माइकपर्यंत पोचतही नाही, तेव्हा मालकी आणि ताबा कुठे फाटले ते डोळ्यांना दिसतं.

बातमीच्या मराठीनेही हा भेद जपला आहे. एखादा समूह दुसरी कंपनी घेतो, तेव्हा आपण 'ताबा घेतला' म्हणतो, कारण निम्मे समभाग हाती नसतानाही ताबा येऊ शकतो. २०२२ मध्ये एनडीटीव्हीच्या बाबतीत सुरुवात अशीच झाली. प्रवर्तकांच्या कंपनीने २००९ मध्ये घेतलेल्या सुमारे ४०० कोटींच्या कर्जाच्या कागदांतून २९.१८ टक्के हिस्सा अदानी समूहाकडे गेला आणि वर्षअखेर हा वाटा ६४ टक्क्यांवर पोचला. गहाणखत वाचलेल्या शेतकऱ्याला यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही.

एकच जागा सांभाळा. बोलण्यात आपण सगळ्यांना 'पेपरवाला' म्हणतो: पहाटे अंक टाकणारा पोरगा, बातमीदार आणि मालक, तिघेही. प्रबंधात हा शब्द नको, आणि त्याच कारणाने नुसतं 'माध्यमं म्हणतात' असंही लिहू नका. कोण म्हणतं ते लिहा.

आता 'हेजिमनी'. 'वर्चस्व' चुकीचं नाही, पण त्यात जोर-जबरदस्तीची छटा येते आणि ही संकल्पना मांडणाऱ्या ग्राम्शी या इटालियन मार्क्सवादी विचारवंताला अभिप्रेत आहे ती संमती: दबलेल्यालाही जे शहाणपणाचं वाटू लागतं ते. 'धुरीण' म्हणजे धुरेला जुंपण्याजोगा, पुढे होऊन भार ओढणारा. पुढारी असणं त्याच्या अर्थातच आहे. धुरीण पुढे चालतो, ताबेदार मागून. संस्कृतातला एक आणि अरबीतला एक, दोन शब्द एकाच वाटेवरची दोन टोकं दाखवतात. म्हणून मी धुरीणत्वाच्या बाजूने आहे. पहिल्यांदा येईल तिथे 'संमतीने मिळवलेलं पुढारपण' असा खुलासा जोडा, पुढे नुसता शब्द चालेल.

तुमचं खोडलेलं वाक्य मी असं लिहीन: 'माध्यमसंस्थेची मालकी, तिच्या धोरणावरचा ताबा आणि रोजच्या संपादनाची वहिवाट या तीन गोष्टी वेगवेगळ्या हातांत असू शकतात, त्यांतला ताबा कोणाकडे आणि कशाच्या बळावर, हा मार्क्सवादी चिकित्सेचा मुख्य प्रश्न आहे.' सरांना दाखवताना सोबत सातबारा न्या.