एकाच व्हिडिओसाठी वाइडवाइन, फेअरप्ले आणि प्लेरेडी या तीन डीआरएमकरता (व्हिडिओची चोरी रोखणाऱ्या प्रणालींकरता) तीन वेगळ्या एन्क्रिप्टेड फाइली ठेवाव्या लागतात का?

नाही, बहुतेक वेळा एकच संच पुरतो: व्हिडिओ सीएमएएफमध्ये (स्ट्रीमिंगसाठीच्या सामाईक फाइल-प्रकारात) पॅकेज करा आणि 'सीबीसीएस' पद्धतीने एकदाच एन्क्रिप्ट करा. ही पद्धत आयएसओ/आयईसी २३००१-७ या कॉमन एन्क्रिप्शन मानकातलीच आहे. तिन्ही डीआरएममध्ये वेगळं असतं ते लायसन्स, म्हणजे किल्ली प्लेयरपर्यंत पोचवायची रीत. फाइल तीच राहते. ॲपलच्या फेअरप्लेला सीबीसीएसच लागतं, त्यामुळे जुळवून घ्यायचं ते गूगलच्या वाइडवाइनने आणि मायक्रोसॉफ्टच्या प्लेरेडीने. एडब्ल्यूएसवर (ॲमेझॉनच्या क्लाउडवर) असाल तर तिथल्या मीडियाकन्व्हर्ट किंवा मीडियापॅकेज या व्हिडिओ सेवा 'स्पीक' या किल्ल्या मागवण्याच्या एपीआयमार्फत डीआरएम सेवेकडून किल्ल्या परस्पर मागवतात. किल्ली कोडमध्ये किंवा व्हिडिओच्याच बकेटमध्ये (क्लाउडवरच्या साठवणुकीच्या जागेत) ठेवू नका (लोक सर्रास ठेवतात, मग डीआरएमचे पैसे कशाला भरायचे?).

एक अडचण मात्र आहे: जुने अँड्रॉइड टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि प्लेरेडी ४.० च्या आधीची उपकरणं सीबीसीएस ओळखत नाहीत. तुमच्या प्रेक्षकांत ती बरीच असतील तर सीटीआर या त्याच मानकातल्या दुसऱ्या एन्क्रिप्शन पद्धतीचा आणखी एक संच ठेवा, किंवा मीडियापॅकेजकडून मागणीनुसार पॅकेज करून घ्या. साठवणुकीचा खर्च वाचेल.